अनुभवाचा दाखला

२० जानेवारी

विजेच्या कामाची परीक्षा पास झाले. पाकीट आलं तेव्हा मी नळाखाली मुळे धूत होते, हात चिखलानं भरलेले, म्हणून सायोनं फोडलं. ती किंचाळली तेव्हा आधी वाटलं, बोट कापून घेतलं पोरीनं.

सासऱ्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाले, "म्हणजे आता शॉक खायची सरकारी परवानगी मिळाली तुला." एवढंच. मग गोदामात निघून गेले. परत आले ते काझुमाचा हत्यारांचा पट्टा घेऊन. चामड्याला तेल चोळून आणलं होतं. "तुझ्या कमरेला ढिला होईल. भोकं पाडून घे."

नवऱ्याला जाऊन हा दुसरा हिवाळा. बेटावर विजेचं काम करणारं दुकान एकच, देगुची विद्युत. बाप आणि मुलगा. आता बाप आणि सून.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, म्हणून इथं लिहिते. मला या बेटावर राहायचं नाही. नुसती परीक्षा पास होऊन स्वतःचं दुकान काढता येत नाही. नोंदणी झालेल्या कंत्राटदाराच्या हाताखाली तीन वर्षं काम करायचं, आणि त्यानं शिक्का मारून अनुभवाचा दाखला द्यायचा. मग आपल्या नावानं नोंदणी. तीन वर्षांनी सायो हायस्कूलला जाईल. इथं हायस्कूल नाही. समुद्रापलीकडे सासेबो शहरात माझा भाऊ आहे. तिथं दुकान काढीन, सायो शिकेल. सासऱ्यांना वेळ आली की सांगेन.

१४ मार्च

मात्सुशिताबाईंच्या न्हाणीघरात दिवा बदलला. एवढंसं काम. पण मी आत असेपर्यंत सासरे दारातल्या बोर्डापाशी उभे होते, मुख्य खटक्यावर पंजा ठेवून. बाईंनी चहा आणला तरी हात काढला नाही. चहा डाव्या हातानं प्यायले.

कळतं मला. मासे ठेवायच्या शीतघरात काझुमा एकटा गेला होता, कारण सासऱ्यांना ताप होता. यंत्र बंद दिसलं म्हणून बाहेरून कुणीतरी खटका वर केला. कुणाचा वाईट हेतू नव्हता. आत माणूस आहे हे ठाऊकच नव्हतं.

कळतं, पण वैतागही येतो. पहारेकरी नेमल्यासारखं वाटतं. लोक म्हणतील, सुनेवर भरवसा नाही म्हाताऱ्याचा.

९ नोव्हेंबर

वही मधे अडीच वर्षांहून जास्त कोरीच राहिली. काम, जेवण, झोप. लिहिण्यासारखं काय होतं?

हल्ली जोडण्यापेक्षा तोडण्याचीच कामं जास्त. म्हातारं माणूस गेलं, मुलं ओसाकाला नाहीतर फुकुओकाला, मग वीज कंपनीनं मीटर काढला की आम्ही जाऊन आतलं सोडवायचं. आज हामासाकींचं घर केलं. सासऱ्यांनी बोर्डावरची धूळ पुसली आणि मग तो काढला. मी म्हटलं, "बाबा, काढायचाच आहे तर पुसता कशाला?" म्हणाले, "मी बसवला होता."

जेवताना सायो बोलून गेली, "आई, सासेबोच्या शाळेत सायकलनं जाऊ देतात का गं?" मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. सासरे माशाचे काटे काढत होते. मान वर केली नाही. बरं झालं, अलीकडे त्यांना कमीच ऐकू येतं. नंतर सगळा निवडलेला मासा त्यांनी सायोच्या ताटात घातला. म्हणाले, पोट भरलं.

१८ जानेवारी

सासऱ्यांचं काय चाललंय काही कळत नाही. नागासाकीहून एक मोठं खोकं आलं. त्यात सदनिकांच्या इमारतीत बसवतात तो इंटरकॉम! खाली फाटकावर बटणं आणि वर प्रत्येक घरात फोन. या बेटावर चर्चचा मनोरा सोडला तर दुमजली घरापेक्षा उंच काही नाही.

गोदामाच्या भिंतीवर ओळीनं डबे ठोकले आणि म्हणाले, "जोड."

"कुणाचं काम आहे?"

"कुणाचं नाही. हात रिकामेच आहेत ना तुझे?"

त्यांना स्वतःलाही येत नव्हतं. माहितीपत्रकावर भिंग धरून एक एक ओळ वाचत होते. दिवसभर खपून जोडला. मग ते गोदामाबाहेर थंडीत उभे राहिले आणि बटण दाबलं. मी आत फोन उचलला. "कोण?" तर म्हणतात, "मी कोण ते विचारू नकोस. तू कोण ते सांग. अनोळखी माणसाच्या दारात गेलीस तर आधी आपलं नाव सांगायचं, मग दुकानाचं, मग काम."

आमच्या बेटावर अनोळखी माणूस आणायचा कुठून? पण ऐकेनात. मला बाहेर उभं केलं, स्वतः आत गेले. तीनतीनदा म्हणायला लावलं. सायो हसून हसून लोळली. म्हातारपणी माणसाला खेळ सुचतात म्हणायचं.

३ मार्च

तीन वर्षं भरली. सकाळी चहा देताना दाखल्याचा कागद पुढं ठेवला. सासेबोचं अजून बोलले नाही, एकदम दोन्ही कसं सांगणार. नुसतं म्हटलं, "बाबा, शिक्का हवा होता."

वाचलं. घडी घातली. "अजून नाही."

"काय येत नाही मला?"

"घाई करणाऱ्याचा हात चुकतो."

"माझा कधी चुकला?"

"काझुमाचाही कधी चुकला नव्हता."

मेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन त्यांनी माझं तोंड बंद केलं. आज पहिल्यांदा त्यांचा मनापासून राग आला. रात्रीचा भात करपला, तसाच वाढला. त्यांनी सगळा खाल्ला.

५ एप्रिल

सायो गेली. एकटी गेली. मामाकडे राहील. दाखला असता तर मीही त्याच बोटीवर असते.

धक्क्यावर रिवाजाप्रमाणे कागदी फिती. वर बोटीत मुलांच्या हातात एक टोक, खाली घरच्यांच्या हातात दुसरं. बोट सुटली तशा एकेक करून सगळ्यांच्या तुटल्या. माझी तर लगेचच. सासरे मात्र फीत धरून बोटीबरोबर चालत राहिले. धक्क्याच्या पार टोकापर्यंत गेले, तिथं पुढे पाणीच होतं. लोक बघत होते. तिकीट खिडकीतल्या योशिनो-सान मला म्हणाल्या, "अहो, धरा त्यांना, पडतील!" मी धरलं नाही. मनात म्हटलं, नातीवर एवढा जीव आहे तर शिक्का का नाही मारला?



२२ मे

विशेष नाही. सायोचा फोन. मामीच्या हातची आमटी गोड असते म्हणे. रडली नाही, पण फोन ठेवेना.

सासऱ्यांनी आज स्वतः भात लावला. पाणी जास्त झालं. मी करते म्हटलं तर, "राहू दे. शिकतोय." त्र्याहत्तराव्या वर्षी! माझ्या हातचं आवडेनासं झालं असेल, त्या करपलेल्या भातापासून.

१७ जून



चर्चमधले वरचे दिवे बदलत होतो. मी म्हटलं होतं, मी चढते. "तू खटक्यापाशी उभी राहा," म्हणाले, आणि स्वतः चढले. अर्ध्यावर थांबले. मला वाटलं, वायर तपासताहेत. मग त्यांचं एक पाऊल पायरी शोधायला लागलं आणि त्याला ती सापडेना. मी धावले. शिडीला मिठी मारली, डोकं त्यांच्या पायांना टेकवून एक एक पायरी त्यांना खाली आणलं. "डावा पाय, बाबा. आता उजवा." लहान मुलासारखं.

बाकावर बसवलं. चेहरा पिठासारखा पांढरा. म्हणाले, "जरा गरगरलं. ऊन लागलं." ऊन कसलं, चर्चमध्ये!

आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मी कुठं जात नाही बाबा. मी राहते. सायो सुट्टीत येईल. तुम्ही फक्त मुख्य तंत्रज्ञ म्हणून माझं नाव लावा, दुकान मी चालवते." मी म्हणाले त्या क्षणी ते खरंच होतं. सासेबो वगैरे काही आठवलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "रविवारी लोक अंधारात बसायला नकोत. राहिलेले दिवे तू लाव." मी चढले. खाली बघितलं तर सासरे उठून खटक्यापाशी गेलेच होते, पंजा ठेवून.

हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. मला हलकं वाटतंय. तीन वर्षं जे मनात लपवलं ते आता सांगायचीच गरज नाही.

८ ऑगस्ट

सकाळी उठले तर सासरे घरात नाहीत. योशिनो-साननी फोन करून विचारलं, "हात्सुए-सान, फुकुएला कुणी आजारी आहे का? आजोबा पहिल्या बोटीनं गेले. पांढरा सदरा घालून!"

फुकुए म्हणजे शेजारचं मोठं बेट, कचेऱ्या, दवाखाना सगळं तिथं. संध्याकाळच्या बोटीनं परत आले. टेबलावर दोन कागद ठेवले. एक माझा दाखला, शिक्का मारलेला. शिक्का एवढा सरळ की पट्टी लावून मारला असावा. मी आनंदानं काही बोलणार तोच दुसरा कागद बघितला. देगुची विद्युत बंद केल्याची पोच. जिल्हा कार्यालयाची तारीख, आजचीच.

"हे काय?"

"बंद केलं."

"मला न विचारता?"

"दुकान माझं होतं."

"मी चालवते म्हटलं होतं ना मी! चर्चमध्ये! तुम्ही ऐकलं होतंत!"

"जुनं झालंय दुकान. जुन्या दुकानाला नवा माणूस जुंपू नये."

"मग लोकांनी काय करायचं?"

"फुकुएच्या कंत्राटदाराशी बोलून आलोय. महिन्यातून दोनदा माणूस येईल. पुरेसा आहे. घरं तरी किती राहिलीत?" आणि मग, हे मी विसरणार नाही, म्हणाले, "तुला इथं आता काम नाही, हात्सुए."

म्हणजे मोडलं, पण मला दिलं नाही. तीन वर्षं त्यांच्याबरोबर छपरं चढले, उंदीर मेलेल्या माळ्यांवर सरपटले. शेवटी परकी ती परकीच. मुलगा असता तर केलं असतं का असं?

३० ऑगस्ट

भावाला कळवलं. घरामागची त्याची रिकामी शेड देतो म्हणाला.

सासऱ्यांना विचारलं, "तुमचं काय?" विचारायला हवं म्हणून विचारलं. खरं सांगायचं तर आवाज कोरडाच होता. "चला आमच्याबरोबर. जागा होईल."

ते विळ्याला धार लावत होते. म्हणाले, "काझुमाची आणि त्याच्या आईची माती इथं आहे. मेलेल्यांचं मी बघतो. जिवंतांचं तू बघ."

मी आणखी एकदा विचारलं नाही.

१२ सप्टेंबर

आले सासेबोला. समुद्र शांत होता. सासरे धक्क्यावर आले नाहीत, दाराशीच "बरं, जा" म्हणाले. मी वळून बघितलं तेव्हा दार लागलेलं होतं. जाऊ दे.

सायो मिठी मारून रडली. उंच झाली आहे.

२४ ऑक्टोबर

नोंदणी झाली! माझ्या नावानं. मुख्य तंत्रज्ञ, देगुची हात्सुए. पाटीवर काय लिहायचं हा प्रश्न होता. भाऊ म्हणाला, माहेरचं नाव लाव, नवी सुरुवात. रागाच्या भरात मीही तेच ठरवलं होतं. पण रंगाऱ्यानं विचारलं तेव्हा "देगुची विद्युत" असंच तोंडून गेलं. तीन वर्षं दारोदारी तेच म्हणायची सवय.

सासऱ्यांना फोन करून सांगितलं. मग म्हणाले, "अक्षरं सरळ आहेत ना?"

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस म्हणून बेटावर जाऊन आले. सायोची परीक्षा, ती आली नाही. बोटीत बसूनच लिहितेय, अक्षर हलतंय.

दारातच चमकले. सासऱ्यांनी माझ्यापुढं पाहुण्यांच्या सपाता ठेवल्या. चहा दिला तोही पाहुण्यांच्या कपात, खाली बशी. माझा निळा कप फळीवर होता, मला दिसत होता. मी म्हटलं, "बाबा, मी काय पाहुणी आहे?" तर गोंधळले. "नाही, नाही. चांगले कप वापरलेच जात नाहीत म्हणून." घर चकचकीत. बारीक झालेत. भात मात्र छान जमायला लागलाय.

टेकडीवर कबरी घासल्या, फुलं ठेवली. काझुमाच्या क्रुसाला शेवाळ नावाला नाही. रोज येत असणार. प्रार्थना झाल्यावर मी माझ्या कामांचं सांगत बसले. पाचमजली इमारत मिळाली, एका केशकर्तनालयाचं सगळं नवं करायचंय, एकटीला उरकत नाही, बोर्ड उघडून खाली वर पळायचं. ते सगळं ऐकत होते. मध्ये विचारलं, "खटक्यापाशी कोण असतं?" मी म्हटलं, "कुलूप लावते, बाबा. तसं कुलूप मिळतं आता." मान हलवली.

धक्क्यावर आले या वेळी. वारा फार होता. बोटीचा भोंगा झाला, मी पिशवी उचलली, तेवढ्यात म्हणाले, "तुझ्याकडं कामाला माणूस लागतो का?"

"कोण माणूस?"

"मी."

मी खो खो हसले. म्हटलं, "बाबा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी नोकरी? मालकीण फार कडक आहे हो, पळून याल!" तेही हसले. टोपी काढून वाऱ्यात धरली, परत घातली. कितीतरी दिवसांनी त्यांना असं थट्टा करताना पाहिलं. बरं वाटलं. आमच्यातली अढी थोडी सुटली म्हणायची.

बोट वेळेवर सुटली.

११ डिसेंबर

दुपारी केशकर्तनालयात काम करत होते. मालकीणबाईंचे वडील खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. बाई म्हणाल्या, "त्यांना काही करायचं नाही हो. नुसतं इथं बसायचं असतं. घरी एकटं करमत नाही, पण तसं म्हणायचे नाहीत कधी. म्हणतात, गल्ल्याकडं लक्ष ठेवायला येतो."

मी पक्कड खाली ठेवली. उरलेलं उद्या करते म्हटलं आणि बाहेर रस्त्यावर येऊन तिथूनच फोन लावला.

"बाबा, मी हात्सुए."

"सायो बरी आहे?"

"बरी आहे. बाबा, त्या दिवशी धक्क्यावर तुम्ही मला काहीतरी विचारलंत."

"कधी?"

"बोट सुटताना. माणूस लागतो का म्हणून."

"छे. मी कशाला विचारीन?"

"विचारलंत, बाबा."

"वारा होता. तुला काहीतरीच ऐकू आलं असेल."

मागं त्यांचा रेडिओ चालू होता. हवामानाच्या बातम्या, लाटा किती उंच, बोटी सुटतील की नाही. मी म्हटलं, "बाबा, मला माणूस लागतो. खरंच लागतो. शिडीवर चढायचं नाही. नुसतं बोर्डापाशी उभं राहायचं."

रेडिओवरच्या बाईनं आमच्या बेटाचं नाव घेतलं, पुढच्या बेटाचं घेतलं, त्याच्या पुढच्याचं घेतलं.

"चांगला तरुण बघ एखादा," सासरे म्हणाले. "आणि मान झाकून काम कर. तिकडं थंडी जास्त असते."